सकाळची हजेरी

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आप्पांच्या फोनने. अजून नीट फटफटलेलंही नसायचं आणि टुंग. जरा वेळाने पुन्हा टुंग. मग लागोपाठ टुंग टुंग टुंग. मी उशीत तोंड खुपसून ओरडायची, आप्पा, आवाज बंद करा त्याचा, नाहीतर गॅलरीतून खाली फेकून देईन. आप्पा मात्र हॉलमधल्या सोफ्यावर मांडी घालून, चष्मा नाकावर सरकवून, एका बोटाने मेसेज वर ढकलत बसलेले असायचे. कुणी गणपती पाठवलेला, कुणी गुलाबाचं फूल, कुणी नुसतंच 'राम राम मंडळी'. आप्पांना त्या गणपतीशी नि फुलाशी काही देणंघेणं नव्हतं. कोण आलं आणि कोण राहिलं, एवढंच ते बघायचे.

आप्पा एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून माईकवर गाड्या पुकारतो ना, तो माणूस. कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली अजून यायची आहे, सगळं डोक्यात. गाडी वेळेवर आली नाही की मागच्या स्टँडला फोन लावायचा, तुमच्याकडून सुटली का विचारायचं. जन्मभर हेच केलेलं. रिटायर झाल्यावर स्टँड सुटलं, पण सवय कुठली सुटायला. कोरेगावात सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणारे काही म्हातारे होते, बहुतेकांच्या बायका गेलेल्या आणि मुलं नोकरीसाठी बाहेरगावी. एकदा त्यांच्यातला एक जण ताप येऊन घरातच पडून राहिला आणि कुणाला पत्ताच नाही. तेव्हा आप्पांनी व्हॉट्सॲपवर सगळ्यांचा ग्रुप काढायला लावला आणि त्याला स्टँडसारखे नियम घातले.

नियम असा की रोज सकाळी सातच्या आत प्रत्येकाने काहीतरी टाकायचं. काहीही चालेल. ज्याचं आलं नाही त्याला आप्पा फोन करणार. त्याने उचलला नाही तर त्याच्या शेजारी फोन करणार आणि शेजारी जाऊन दार वाजवणार. दुसरा नियम त्याहून कडक. दुखलंखुपलं, पडलं-झडलं, काहीही झालं तरी आधी कंट्रोलरला कळवायचं, मुलांना नाही. मुलं लांब असतात, घाबरतात, रजा टाकून, मिळेल त्या गाडीने धावत येतात आणि येऊन बघतात तर बाप पोहे खात बसलेला. मग पुढच्या वेळी खरंच काही झालं तरी येत नाहीत. म्हणून आधी कंट्रोलर, आणि गरजच पडली तर मग मुलं. म्हाताऱ्यांना हे फार पटलं होतं. आपलं कुणावर ओझं नको, हे त्या पिढीचं वेडच आहे.

आई गेल्यावर मी आप्पांना चेन्नईला घेऊन आले. तेव्हा म्हटलं होतं, आता तरी ही ड्यूटी गावातल्या कुणाला तरी देऊन टाका. तर म्हणाले, फोनला काय गं, चेन्नई काय नि कोरेगाव काय, सारखंच. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. मी स्वतः शोळिंगनल्लूरला ऑफिसात बसून सातासमुद्रापलीकडच्या लोकांचं काम करते, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार.

आमचा फ्लॅट पळ्ळिकरणैला, पहिल्या मजल्यावर. नवरा ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात, त्याची शिफ्ट कधी कुठली ते देव जाणे. त्यामुळे दिवसभर आप्पा एकटे. तमिळ त्यांना येईना. 'तण्णी' आणि 'वेंडाम' एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी वर्ष काढलं, पाणी हवं आणि बाकी काही नको. तिसऱ्या मजल्यावर तंजावरकडच्या एक रिटायर शिक्षिका राहतात, घरी मराठी बोलतात. त्या भेटल्या तेव्हा आप्पांना काय आनंद झाला होता. पण त्यांची मराठी जुन्या वळणाची, निम्मे शब्द तमिळ आणि हेलही तमिळ. आप्पा परत येऊन म्हणाले, बाई फार चांगल्या आहेत, पण काय म्हणाल्या ते मला काही कळलं नाही.

तेव्हा उरला फोन. आप्पा त्या फोनमध्येच राहायला गेले होते म्हटलं तरी चालेल. कोरेगावात आज ऊन किती, कोयनेत पाणी किती, भाजीला काय दर, सगळं रोज उघडून बघायचे. साताऱ्याच्या पेपरात निधनाच्या बातम्या येतात, त्या बोटांनी मोठ्या करकरून वाचायचे. मला जाम राग यायचा. खिडकीबाहेर चेन्नईत पाऊस पडतोय आणि हा माणूस मला सांगतोय की आज कोरेगावात ढगाळ आहे. अहो, इथे बघा जरा, म्हटलं की हसायचे आणि पुन्हा त्या काचेत डोकं घालायचे.

त्या म्हाताऱ्यांमध्ये आप्पांचा जिवाभावाचा एकच, ड्रॉइंग मास्तर. हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. बायको नाही, मुलगा पुण्यात. मास्तरांचा मेसेज सगळ्यांच्या आधी यायचा आणि त्यात गणपती-बिणपती नसायचा. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने काहीतरी काढलेलं असायचं, किटली, कावळा, कोपऱ्यात उभी केलेली छत्री, आणि त्याचा तिरका फोटो. ते चित्र आलं की आप्पा म्हणायचे, लागली पहिली गाडी. मास्तरांना उठताना चक्कर यायची. भिंत धरून उभं राहावं लागायचं. त्यामुळे ते चित्र यायला जरा उशीर झाला तरी आप्पांचा जीव खालीवर व्हायचा, चहा निवून जायचा.

मग ते वादळ आलं. चेन्नईत राहणाऱ्याला डिसेंबरात वादळाचं काही नवल नसतं. आम्ही दूध, ब्रेड, मेणबत्त्या आणून ठेवल्या, बादल्या भरल्या. नवरा कारखान्यातच अडकला, तिथून त्याने फोन करून सांगितलं की मी ठीक आहे, जेवायला मिळतंय. त्या सकाळी आप्पांची हजेरी पूर्ण लागली होती. मास्तरांनी नारळाचं झाड काढून पाठवलं होतं, वाऱ्याने वाकलेलं, खाली लिहिलेलं 'कंट्रोलर, खिडक्या लाव'. दुपारी खालच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. शॉक नको म्हणून वीजवाल्यांनीच लाईट बंद केली. संध्याकाळपर्यंत नेट गेलं, आणि मग रेंजही गेली. टॉवरची बॅटरी संपली असणार. फोन वर धरला, गॅलरीत नेला, गच्चीत नेला. काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर इतकं शांत होतं की मला आपोआप जाग आली. आप्पा सोफ्यावर तसेच बसलेले, हातात फोन. स्क्रीन काळी. चार्ज वाचवायला बंद करून ठेवायचे आणि थोड्या वेळाने चालू करून बघायचे. मी म्हटलं, आप्पा, एक दिवस नाही बघितलं तर काय आभाळ कोसळतंय का? तसं ते कोसळलेलंच होतं म्हणा. गल्लीत कमरेएवढं काळं पाणी, त्यात तरंगणाऱ्या चपला, कचऱ्याचे डबे, कुणाची तरी गादी.

"मास्तराचं आज कळलं नाही," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, अहो, गावात बाकीचे आहेत की. पाऊस इथे पडतोय, तिथे नाही. त्यांचे फोन चालू आहेत. एखादा नाही आला तर बघतील ते.

"त्यांना बघायची सवय नाही. ते टाकतात आणि फोन ठेवून देतात. बघायचं काम माझं."

एवढं बोलून त्यांनी फोन पुन्हा चालू करून बघितला. तिसऱ्या दिवशीही तेच. पाणी हलेना. नावा घालून लोकांना काढत होते, हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. आप्पांना ना हेलिकॉप्टरचं काही, ना पिण्याचं पाणी संपत आलं होतं त्याचं. मी चिडून म्हटलं, इथे आपण बुडतोय आणि तुम्हाला तिकडच्या कोरड्या गावाची काळजी. त्यांनी ऐकलंच नाही. एकदा नुसतं म्हणाले, स्टँडवर असतो तर कुणाला तरी सायकलवर पाठवलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका खाली आल्या आणि माझ्याशी तमिळमध्ये बोलल्या, की दूधवाला सांगत होता, मेडवाक्कमच्या उड्डाणपुलावर रेंज येते, लोक तिथे जाऊन फोन करतायत. मी आप्पांना म्हटलं, मी जाऊन येते, तुमचा फोन द्या. तर आप्पा आधीच लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभे. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारलेला. असल्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

गेलो. पाण्याला डिझेलचा आणि गटाराचा वास. खाली काय आहे दिसत नाही, पाय चाचपडत टाकायचा. मी त्यांचा दंड धरला होता. पुलाच्या चढावर थांबत थांबत गेलो. वर गाड्याच गाड्या, बुडू नयेत म्हणून लोकांनी दोन्ही कडांना लावून ठेवलेल्या. आणि त्या गाड्यांच्या मधून माणसंच माणसं, सगळे फोन कानाला लावून ओरडतायत. कुणी आईला, कुणी बायकोला, कुणी हॉस्पिटलला. एक बाई नुसती रडत होती आणि पलीकडचं माणूस बहुतेक तिला रडू देत होतं.

आप्पांनी पिशवीची गाठ सोडून फोन चालू केला. थोडा वेळ काही नाही. मग तो हातात थरथरायला लागला आणि थांबेचना. टुंग टुंग टुंग टुंग. खरं सांगते, त्या आवाजाने मला रडू आलं. सगळे मेसेज आप्पांसाठी होते. कंट्रोलर, कसा आहेस. कंट्रोलर, टीव्हीवर बघितलं, फार पाणी आहे रे. कंट्रोलर, फोन का लागत नाही. एकाने कुठल्या तरी भलत्याच शहरातला पुराचा व्हिडिओ टाकला होता आणि बाकीच्यांनी तो चेन्नईचा समजून हात जोडले होते. एकाने साताऱ्यात कुणाच्या तरी ओळखीने चेन्नईच्या पोलिसांचा नंबर मिळवला होता. तीन दिवस ती सगळी म्हातारी मंडळी दुसरं काही करतच नव्हती, आप्पांना शोधत होती.

मी म्हटलं, बघा, सगळे आहेत. उगाच जीव काढलात माझा.

आप्पा बोटाने वर वर सरकवत होते. सरकवत एका जागी थांबले, पुन्हा खाली आले, पुन्हा वर गेले. "मास्तराची चित्रं नाहीत," म्हणाले. नारळाच्या झाडानंतर मास्तरांचं एकच आलं होतं, दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचं. चित्र नव्हतं ते, नुसते शब्द. 'कंट्रोलरचं काही कळलं का?' त्याच्या खाली बाकीच्यांनी पुन्हा चेन्नई, चेन्नई, चेन्नई. त्यानंतर मास्तर कुठेच नव्हते, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तेवढ्यात कंपनीचे एसएमएस यायला लागले. फोन बंद असताना कुणी कॉल केला तर रेंज आल्यावर येतात ना, या नंबरवरून कॉल आला होता, ते. एक आला, दुसरा आला, मग येतच राहिले. त्यात बाकीच्यांचेही होते, नवऱ्याचा होता. पण मधला एक मोठा ढीगच्या ढीग एकाच नंबरचा होता, दुसऱ्या दिवशी सकाळचा. आप्पांना तो नंबर पाठ होता. मला दाखवला नाही त्यांनी, फोन छातीशी धरला. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

त्यांनी मास्तरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग मास्तरांच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या वहिनींना लावला. त्यांनी उचलल्या उचलल्या, अहो भाऊजी, कसे आहात, आम्ही इकडे देव पाण्यात घातलेत, असं सुरू केलं. आप्पा स्टँडवर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "वहिनी, ते राहू द्या. मास्तराकडे जा. आत्ता. फोन चालू ठेवा."

वहिनी गिरणी बंद करून गेल्या. आम्हाला त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. फोन स्पीकरवर होता आणि पुलावरचे लोक आमच्या बाजूने ओरडत होते, म्हणून आप्पांनी फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून कान त्यात घातला. मी दुसऱ्या बाजूने. वहिनींनी दार वाजवलं. मास्तर, अहो मास्तर. पुन्हा वाजवलं. मग त्यांचा आवाज बदलला, म्हणाल्या, दुधाच्या पिशव्या तशाच आहेत हो इथे, फुगल्यात. मुलाकडे पुण्याला गेले असतील असं वाटलं मला, म्हणाल्या. मग त्यांनी कुणाला तरी हाका मारल्या. पुरुषांचे आवाज आले. धक्के बसायला लागले. मी आप्पांना म्हटलं, द्या तो इकडे, मी ऐकते. त्यांनी दिला नाही. कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. मग वहिनी बोलल्या ते एवढंच, "भाऊजी, फोन ठेवा आता."

मोरीच्या उंबऱ्यात होते. कमरेचं हाड मोडलं असावं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. लगेच गेले नव्हते. फोन हातातच होता, चार्ज संपून बंद पडलेला.

घरी कसे आलो ते मला आठवत नाही. आप्पा सोफ्यावर बसले आणि ओला लेंगाही बदलायला तयार होईनात. मला संताप आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या टॉवरवर, त्या पावसावर, की त्या सगळ्या म्हाताऱ्यांवर, जे टीव्हीत चेन्नई बघत बसले आणि चार घरं सोडून राहणाऱ्या माणसाकडे एकाने पाय म्हणून वळवला नाही. आमच्यासाठीच कासावीस झाले होते ते, म्हणून त्यांना शिव्याही देता येईनात. मी मोठ्याने म्हटलं, मेले सगळे. आप्पांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

लाईट आली, पाणी ओसरलं, नवरा परत आला. आम्ही चिखल काढत होतो. मास्तरांचं दहावं झाल्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला, दुपारचा. मी त्याला लहानपणी बघितलेलं. आप्पांनी फोन मला दाखवला, मीच तो स्पीकरवर करून मध्ये ठेवला.

आधी नमस्कार-चमत्कार झाले. मग तो म्हणाला, काका, बाबांचा फोन चार्ज करून बघितला. तुम्हाला किती वेळा लावलाय त्यांनी. तासन् तास लावत होते. मला एकदाही नाही. मी पुण्यात, काका. गाडी काढली असती तर तीन तासांत दारात होतो.

आप्पा म्हणाले, मीच सांगून ठेवलं होतं त्याला. काही झालं तर मुलांना नको, आधी मला.

 मला वाटलं आता हा शिव्या देणार, आणि द्याव्यातच असं वाटलं. पण तो चिडलेला नव्हता. अगदी साध्या आवाजात विचारलं त्याने.

"त्यांना चक्कर यायची, असं डॉक्टर म्हणाले. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला नव्हतं," तो म्हणाला. "मी रोज फोन करायचो. मजेत आहे म्हणायचे." मग त्याने तब्येतीला जपा म्हणून फोन ठेवला.

आप्पा त्या बंद झालेल्या फोनकडे बघत होते. मी हातातलं चिखलाचं फडकं बादलीत टाकलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. म्हटलं, आप्पा, तुम्हाला काय होतंय, जे मला माहीत नाही?

काही नाही गं, म्हणाले. मी हलले नाही तिथून. तशीच बसून राहिले. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"जिना चढताना छातीत भरून येतं. डाव्या हातापर्यंत कळ जाते. होळीपासून."

होळी होऊन नऊ महिने होत आले होते. रोज रात्री मी त्यांच्या समोर बसून जेवत होते. मी विचारलं, आणि हे कुणाला सांगितलंय तुम्ही?

"सगळ्यांना," आप्पा म्हणाले.